वजनकाट्यावरचे सुर्वे

अकरा महिने माझ्या यादीत एकच ओळ पुढे सरकत होती : ‘सुर्वे – पत्र.’

मला याद्या करायची सवय आहे. रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात मी सतरा वर्षं ऑफिस सांभाळलं, ते याद्यांच्या जोरावर. तेव्हा तिकडे आठवडा शनिवारी सुरू व्हायचा. शनिवारी सकाळी सात वाजता मी वहीचं नवं पान उघडायचे, मागच्या आठवड्यातलं जे झालं ते खोडायचे आणि जे राहिलं ते नव्या पानावर उतरवायचे. कोणाचा व्हिसा, कोणाचं हेल्थ कार्ड, कामगारांच्या कॅम्पमधला बिघडलेला गीझर, साहेबांचं विमानाचं तिकीट. एखादी ओळ तीन शनिवार टिकली तर मला स्वतःचीच लाज वाटायची. सुर्व्यांची ओळ सत्तेचाळीस शनिवार टिकली. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. मोजूनच सांगते आहे.

दत्ताराम सुर्वे आमच्या कारखान्याच्या गेटवर, वजनकाट्यावर होते. काटा म्हणजे जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट. ट्रक त्यावर उभा राहायचा आणि शेजारच्या केबिनमधल्या आकड्यांच्या डब्यावर वजन उमटायचं. रिकामा ट्रक आत येताना एकदा, भरलेला बाहेर जाताना एकदा. दोन्हींतला फरक म्हणजे माल. दिवसाला शंभरेक ट्रक. मधल्या वेळात सुर्वे केबिनमध्ये बसून असायचे. केबिन जेमतेम एका चौकीएवढी, आणि एसी इतका थंड की बाहेर भट्टी पेटलेली असताना हा माणूस आत हातविणीचा तपकिरी स्वेटर घालून बसायचा. बारीक अंगकाठी, पन्नाशीला टेकलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फ्लॉपी. ती फ्लॉपी कशाची, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

गाव देवरुखच्या पुढे कुठेतरी आत. बायको, दोन मुली तिकडेच. माझे यजमान रत्नागिरीचे, तेवढ्या धाग्यावर मी त्यांची वहिनी झाले. ऑफिसात इतर कोणी असलं की ‘मॅडम’, नसलं की ‘वहिनी’. यात त्यांची कधीही गफलत झाली नाही.

वजन करताना ड्रायव्हरने खाली उतरायचंच, हा त्यांचा नियम. येताना ड्रायव्हर बसलेला आणि जाताना उतरलेला असला, तर एका माणसाएवढ्या टाइल्सचा घोळ. इतर कारखान्यांत एवढं कोणी बघत नसे. ऑगस्टच्या दुपारी ट्रकमधून उतरून उन्हात उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. गुल खान नावाचा एक धिप्पाड पठाण ड्रायव्हर होता, तो रोज भांडायचा.

“सुर्वे भाई, आज मेरे को भी टाइल समझ के बेच डालो! नहीं उतरता मैं.”

“खानसाब, आपका दाम कौन देगा? उतरिये.”

खान हसत, शिव्या घालत उतरायचा. सुर्वे त्याच्यासाठी खिडकीतून थंड पाण्याची बाटली पुढे करायचे. बाटली रोज तयार असायची. म्हणजे भांडणही रोजचं आणि पाणीही रोजचं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : “आधी रिकामी गाडी.” भरलेल्या गाडीचं वजन कितीही बरोबर केलं तरी रिकामी मोजलेली नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. हे ते सगळ्याच बाबतीत लावायचे. एकदा मेसचा आचारी तांदूळ चोरतो अशी ओरड झाली. मी त्याला नोटीस द्यायला निघाले होते. केबिनवरून जाताना सुर्व्यांना सांगितलं.

“वहिनी, आधी रिकामी गाडी. पोती आली तेव्हा कोणी मोजली होती का?”

कोणीच मोजली नव्हती. पुढची खेप आली ती त्यांनी मुद्दाम काट्यावर घेतली. पुरवठादारच कमी माल पाठवत होता. आचारी वाचला, नोटीस मी फाडली. मी हे वाक्य तेव्हा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं. लिहून ठेवलं की आपल्याला आलं असं माझ्यासारख्यांना वाटतं.

आता फ्लॉपीचं सांगते.

आमच्या कॅम्पमध्ये कोकणातली तीस-पस्तीस माणसं होती आणि त्यातली निम्मी संकष्टी करायची. उपास चंद्र बघून सोडायचा. पण मेस रात्री नऊला बंद. चंद्र उशिरा असेल तर ताट झाकून ठेवायला आचाऱ्याला सकाळीच वेळ सांगावी लागे. आणि धुळीचे दिवस असले तर चंद्र दिसतच नसे, तेव्हा वेळेवरच भरवसा. भिंतीवरची दिनदर्शिका मुंबईत छापलेली, वेळा मुंबईच्या. त्यावरून कॅम्पमध्ये दोन पक्ष पडले होते. एक पक्ष म्हणायचा, भारत आपल्यापुढे दीड तास, म्हणून नऊ अडतीसमधून दीड तास वजा करा आणि आठ-आठला जेवा. दुसरा पक्ष आळशी. तो म्हणायचा, छापलंय नऊ अडतीस तर नऊ अडतीसलाच जेवा. मारुती घाग नावाचा पॅकिंगमधला माणूस पहिल्या पक्षाचा पुढारी. एका संकष्टीला त्याने आठ-आठला पानावर बसून पहिला घास घेतला, आणि कोणीतरी ओरडलं, “मारुती, चंद्र अजून अंघोळ करतोय रे!” त्यावरून हाणामारीची वेळ आली. प्रकरण तक्रार म्हणून माझ्या टेबलावर आलं. मी ते सुर्व्यांकडे सरकवलं, कारण आकड्यांचं होतं.

सुर्व्यांनी दोन्ही पक्षांना रिकामी गाडी विचारली : “चंद्र इथे उगवतो कधी, हे कोणी बघितलंय?” मग पुढच्या संकष्टीला घड्याळ आणि वही घेऊन ते कॅम्पच्या गच्चीवर जाऊन बसले. चंद्र दिसला नऊ छत्तीसला. आळशी पक्षाने शिट्ट्या मारल्या.

“उत्तर बरोबर आहे,” सुर्वे म्हणाले, “पण कारण चुकीचं आहे. पुढच्या महिन्यात चुकेल.”

आणि चुकलं. तेरा मिनिटांनी.

आम्ही मुंबईच्या पश्चिमेला, म्हणून चंद्र आमच्याकडे तासाभराने उशिरा यायचा आणि वजा केलेला दीड तास बराचसा भरून निघायचा; उरलेलं कारण होता डोंगर. रास अल खैमाच्या पूर्वेला उघड्या, तपकिरी डोंगरांची रांग आहे. पुस्तकातला चंद्र सपाट जमिनीवर उगवतो, आमचा डोंगरामागून यायचा. आणि दर महिन्याला तो थोडा डावीउजवीकडे सरकून यायचा, कधी उंच कड्यामागून, कधी खिंडीतून. सुर्व्यांनी तीन शुक्रवार गच्चीवर बसून, कोनमापक आणि ओळंबा घेऊन त्या सगळ्या रांगेची उंची मोजली. वहीत डोंगराची रेघ काढली, प्रत्येक शिखराखाली अंश लिहिले. ती वही मी पाहिली आहे. आमच्या गावच्या तलाठ्याने इतका सुबक नकाशा कधी काढला नसेल.

त्याच सुमाराला शारजातल्या एका दुकानात त्यांनी संगणकाचं एक मासिक घेतलं. त्याबरोबर एक सीडी होती आणि तीत सूर्य-चंद्राच्या वेळा सांगणारा एक प्रोग्राम. माझ्या ऑफिसातून बाद केलेला संगणक त्यांनी आधीच मागून केबिनमध्ये नेला होता. पुस्तकं आणून प्रोग्राम लिहायला शिकले होते. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत चेहरा उजळलेला घेऊन आले.

“वहिनी, या प्रोग्रामचं आतलं सगळं उघडं ठेवलंय. कोणीही बघावं, कोणीही सुधारावं. नॉर्वेत एक इंग्रिडबाई आहेत, त्या सांभाळतात. जगभरातले लोक थोडंथोडं लिहून पाठवतात.”

“आणि पैसे?”

“पैसे नाहीत.”

“मग लिहितात कशाला?”

त्यांनी जरा विचार केला. “गावी वहाळावर बांध घालायला घरटी एक माणूस जातो ना, तसं. ज्याला जो दगड उचलतो तो त्याने आणायचा.”

सुर्व्यांचा दगड म्हणजे डोंगर. त्या प्रोग्रामला सपाट जमीनच माहीत होती. कुठल्या दिशेला किती उंच डोंगर आहे हे सांगितलं की चंद्र खरोखर कधी दिसेल ते काढून देणारा भाग त्यांनी लिहायला घेतला. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर दोन तास, सहा महिने. इंटरनेट तेव्हा फक्त माझ्या टेबलावर होतं, फोनच्या तारेवरचं. दुपारी दीडला ते फ्लॉपी घेऊन यायचे, खुर्चीच्या कडेवर बसून दोन बोटांनी ई-मेल टाइप करायचे आणि जाताना खुर्ची होती तशी सरकवून ठेवायचे.

पहिला भाग पाठवला त्याच्या दहाव्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी ते छापून घेतलं, वजनाच्या पावत्यांच्या कोऱ्या मागच्या बाजूवर, आणि माझ्यासमोर धरलं.

“वहिनी, बाईंनी तेवीस चुका काढल्या!”

मला वाईट वाटलं. म्हटलं, “जाऊ द्या हो, सुर्वे.”

“जाऊ द्या काय? तेवीस! म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय त्यांनी. आमच्या मॅट्रिकच्या मास्तरांनीही एवढं वाचलं नव्हतं.”

त्या दिवशी काट्यावर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला चहा मिळाला. गुल खानने विचारलं, लड़का हुआ क्या? सुर्वे म्हणाले, “नहीं खानसाब, गलतियाँ हुईं. तेईस.” खानने मनापासून मुबारक दिली.

तेवीसच्या नऊ झाल्या, नवाच्या दोन, मग एकही नाही. इंग्रिडबाईंनी लिहिलं की हा भाग पुढच्या आवृत्तीत घेऊ. त्या लोकांच्या ई-मेलच्या यादीवर ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा खोऱ्यात राहणाऱ्या एका माणसाने सुर्व्यांचे आभार मानले. त्याच्या घरी हिवाळ्यात सूर्य साडेदहाला दिसतो, आणि आजवर कुठल्या प्रोग्रामने त्याला ते सांगितलं नव्हतं. ते आभार सुर्व्यांनी मला तीनदा वाचून दाखवले.

प्रोग्रामबरोबर एक नावांची यादी असायची. ज्यांचं ज्यांचं लिखाण आत आहे त्या सगळ्यांची, नाव, गाव आणि काय केलं ते. सुर्वे ती यादी उघडून दाखवायचे. “इथे. या दोन नावांच्या मधे येईल.” कर्सर त्या जागी नेऊन ठेवायचे. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं नाव पगारपत्रक सोडून कुठेच छापलेलं नव्हतं. मुलींना दाखवायचं होतं त्यांना. ते असं कधी म्हणाले नाहीत. पण ‘मुली आता कॉलेजात संगणक शिकतात’ हे त्या दिवसांत दर दोन वाक्यांनी यायचं.

एकच अडचण आली. त्या लोकांचा नियम होता : नोकरी करणाऱ्याने आपल्या कंपनीचं पत्र आणायचं की या लिखाणावर आमचा काही हक्क नाही. कारण उद्या एखादी कंपनी उठून म्हणेल, आमच्या माणसाने लिहिलंय, ते आमचं आहे.

“वहिनी, एक एनओसी हवी होती.”

“कसली? लायसन्स? फॅमिली व्हिसा?”

“चंद्राची.”

मी हसले. मग त्यांनी आपलं नोकरीचं करारपत्र काढलं आणि नवव्या कलमावर बोट ठेवलं. नोकरीच्या काळात कर्मचारी जे काही तयार करील ते कंपनीच्या मालकीचं. ते करारपत्र मीच टाइप केलेलं. जुन्या नमुन्यावरून उतरवलेलं. सातशे माणसांनी त्यावर सह्या केल्या होत्या. वाचलं एकट्याने.

“अहो, त्यांना काय कळणार आहे इथलं कलम? लिहून टाका, कंपनीचा संबंध नाही म्हणून.”

“वहिनी, काट्यावर बसून?” ते म्हणाले.

त्याच दुपारी मी पत्र टाइप केलं. माझी कामं तशीच असतात. पाच ओळी, तारीख, खाली सहीची जागा. आणि मग ते मी साहेबांपुढे ठेवलं नाही. माझ्या ट्रेमध्ये ठेवलं.

का, ते सांगते. तेव्हा मी स्वतःला जे कारण दिलं ते आधी.

आमचे जनरल मॅनेजर, अबू सामी, जॉर्डनचे. आवाज असा की ते फोनवर बोलायला लागले की बाहेरचे लोक उगीच कागद शोधायला लागायचे. त्याआधी दोन महिने आमचा एक इलेक्ट्रिशियन शुक्रवारी बाहेर एसी दुरुस्त करताना सापडला होता. दुसऱ्या मालकाचं काम करणं म्हणजे व्हिसाचा गुन्हा. अबू सामींनी त्याचा कागद माझ्यासमोर टेबलावर आपटला होता : “खलास!” सहाव्या दिवशी तो माणूस विमानात होता. त्याचं तिकीट मीच काढलं. आता मी साहेबांपुढे पत्र नेणार, की आपला वजनकाटेवाला परदेशातल्या कोणासाठी तरी काहीतरी लिहितो आणि ते आपलं नाही असं लिहून द्या. पैसे घेत नाही यावर कोण विश्वास ठेवणार? सुर्व्यांची नोकरी जाईल. त्यापेक्षा कागद थांबलेला बरा. मी त्यांना वाचवते आहे.

हे कारण खोटं नव्हतं. पण ते पूर्णही नव्हतं. माझ्या फायलीत पत्रांचे चौदा नमुने होते. बँकेचं, शाळेचं, लायसन्सचं, रजेचं. हे त्यांत बसत नव्हतं. साहेबांनी ‘हे काय आहे?’ असं विचारलं असतं तर मला ते समजावून सांगावं लागलं असतं, आणि मला ते नीट समजलेलं नव्हतं. ओरडा खायचा, तोही न समजलेल्या गोष्टीसाठी, हे मला नको होतं. बस.

सुर्वे महिन्यातून एकदाच विचारायचे. एक तारखेला काट्याचं रजिस्टर द्यायला यायचे तेव्हा.

“वहिनी, ते पत्र?”

“साहेबांकडे आहे.”

“बरं. घाई नाही.”

पुढच्या महिन्यात मी म्हटलं, साहेब अम्मानला गेलेत. ते खरं होतं. त्याच्या पुढच्या महिन्यात म्हटलं, ऑडिट चालू आहे. तेही खरं होतं. एकदा म्हटलं, “इन्शाल्ला, या आठवड्यात.” तिकडे हा शब्द किती कामाचा आहे ते तिथे राहिलेल्यांना माहीत आहे. सुर्व्यांनीही मान डोलावली. दुसऱ्याच्या बोलण्यावर शंका घ्यायची तर आधी रिकामी गाडी मोजलेली हवी, आणि माझ्या ट्रेमध्ये डोकावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दर शनिवारी मी ओळ पुढच्या पानावर उतरवत होते. उतरवताना वाटायचं, विसरले तर नाही ना, लक्षात आहे माझ्या.

इंग्रिडबाईंनी दोनदा मुदत वाढवून दिली. त्यांच्या दोन आवृत्त्या सुर्व्यांचा भाग बाजूला ठेवून निघाल्या.

मग एका एक तारखेला ते आले, रजिस्टर ठेवलं आणि म्हणाले, “वहिनी, ते पत्राचं आता राहू द्या.”

“का हो?”

“बाईंनी माझा भाग काढलाय. बिचाऱ्या काय करतील? कागदाशिवाय घेता येत नाही. आता दुसरा एक जण तो नव्याने लिहितोय. माझं ज्याने वाचलेलं नाही असा माणूस शोधलाय त्यांनी, नाहीतर पुन्हा तेच लफडं.”

“म्हणजे तुमचं सगळं फुकट?”

“फुकट कसं? डोंगर लागतो हे तर आता कळलंय त्यांना.” मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “आणि चंद्राचं काय, तो दुसऱ्याच्या हिशेबानेही उगवेल.”

ते हसले. मीही हसले. माझ्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मी वही उघडून ती ओळ खोडली. पण कागद ट्रेमध्येच राहिला.

त्यानंतर दोन महिन्यांत कारखान्याने नवा काटा घेतला. आकडा सरळ ऑफिसच्या संगणकावर येणारा. गेटवर माणूस हवा तो फक्त बॅरिअर उघडायला. सुर्व्यांना आणि आणखी आठ जणांना कमी केलं. व्हिसा रद्द करायचे कागद अर्थात माझ्याकडे. सुर्व्यांची फाइल काढली, ट्रे रिकामा केला आणि तळाला ते पत्र मिळालं.

आता भीती कसली उरली होती? माणूस जाणारच होता. सह्यांच्या इतर कागदांबरोबर मी ते अबू सामींपुढे ठेवलं. एका कानाला फोन लावून ते सह्या करत होते. या कागदावर थांबले. चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“व्हॉट इज दिस? मून?”

“येस सर. मून.”

“ही टेक मनी?”

“नो सर.”

“अवर टाइल्स इनसाइड?”

“नो सर. ओन्ली माउंटन.”

त्यांनी सही केली, स्वतः शिक्का मारला. फोन कानालाच होता. मग फोनवर हात ठेवून म्हणाले, “माय व्हिलेज ऑल्सो माउंटन. मून कम लेट. वाय यू ब्रिंग नाऊ? द मॅन इज गोइंग.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते.

एक मिनिट लागलं असेल. कदाचित तेवढंही नाही.

मी तशीच गेटवर गेले. सुर्वे केबिन आवरत होते. स्वेटर घडी करून पिशवीत, डोंगराची वही वर. मी पत्र दिलं. त्यांनी सावकाश वाचलं, वजनाची पावती वाचावी तसं, वरपासून खालपर्यंत.

“शिक्कासुद्धा आहे,” म्हणाले.

मग त्यांची नजर वरच्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच राहिली. मी तारीख बदलली नव्हती. तेरा महिन्यांपूर्वी, ज्या दुपारी टाइप केलं, तीच तारीख तिथे होती. सही मात्र आजची, शाई ओली.

“तारीख जुनी आहे, वहिनी.”

“हो.”

दोन ट्रक आले म्हणून बॅरिअरवरचा नवा मुलगा हाका मारत होता. सुर्व्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे. त्यांनी पत्राच्या दोन घड्या केल्या आणि खिशात, फ्लॉपीच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं.

“राहू दे माझ्याकडे,” म्हणाले. “मुलींना दाखवीन.”

ते गेल्यावर मी एक काम केलं, जे आधी करायला हवं होतं. इंग्रिडबाईंना ई-मेल लिहिला. झालं ते सगळं, माझा ट्रेसुद्धा. उत्तर आठ दिवसांनी आलं, चांगलं लांब. नवा भाग लिहून झाला होता आणि त्या माणसाने खूप मेहनत घेतली होती, तो काढून जुना घालणं त्यांना बरोबर वाटत नव्हतं. पण नावांच्या यादीत आभार म्हणून सुर्व्यांचं नाव घालायची त्यांची इच्छा होती. त्यांनी सुर्व्यांना तसं विचारलंही होतं. सुर्व्यांनी नको म्हणून कळवलं होतं. त्यांचं वाक्य बाईंनी जसंच्या तसं उतरवलं होतं, इंग्रजीत : माल गाडीतून उतरलेला असताना पावतीवर त्याचं वजन ठेवू नये.

पुढे आम्ही दुबईला, अल बर्शाला राहायला आलो. माझी मुलगी तिथलीच वाढलेली, तिला मी एकदा तो प्रोग्राम शोधून द्यायला सांगितला. सापडला. नावांची यादी आता लांबलचक झाली होती. “आई, देअर्स नो सुर्वे हिअर. आर यू शुअर?” म्हटलं, हो, माहीत आहे. तिने रास अल खैमा निवडलं, डोंगराची उंची मागणारी चौकट उघडली. आकडे माझ्याकडे नव्हते. ते त्यांच्या वहीत गेले होते.

सुर्वे गेल्यानंतर, मी अजून कारखान्यातच असताना, तीन वर्षं दर चैत्रात त्यांचं एक पोस्टकार्ड यायचं. खुशालीची एक ओळ आणि खाली चंद्रोदयाच्या बारा वेळा, अधिक महिन्याच्या वर्षी तेरा. रास अल खैमातल्या संकष्टीच्या, डोंगर धरून. ‘कॅम्पवर लावावे.’ मी लावायचे. मारुती घाग ते पाठ करायचा. चौथ्या वर्षी कार्ड आलं नाही. मी पत्र लिहायचं ठरवलं, यादीत घातलं. पुढचं सांगत नाही.

शेवटचं पाहिलं ते असं. जायच्या दिवशी कंपनीची पिकअप त्यांना दुबईच्या विमानतळावर सोडायला निघाली होती. मी पासपोर्टचं पाकीट द्यायला गेटपर्यंत आले होते. मागे दोन बॅगा आणि दोरीने बांधलेला एक खोका, पुढे ड्रायव्हर आणि सुर्वे. बाहेर जाणारी प्रत्येक गाडी नव्या काट्यावरून जायची, तशी ती काट्यावर थांबली. नव्या मुलाने आतून हात केला, जाऊ द्या, तुम्हाला कशाला उतरायचं काका. ड्रायव्हरने इंजिनही बंद केलं नव्हतं. पण दार उघडलं आणि सुर्वे खाली उतरले. काट्याच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर, नेहमी ड्रायव्हर उभे राहायचे तिथे उन्हात जाऊन उभे राहिले. शर्टाच्या खिशावर एक हात. ड्रायव्हरही मग निमूट उतरला.

आकडा स्थिर झाला. मुलाने पावती काढली. सुर्व्यांनी ती खिडकीतून घेतली, वाचली, मान हलवली, आणि मग गाडीत बसले.